पंखे चालू, पॅड ओलं, तरी पॉलिहाऊस तापतंय: दर उन्हाळ्याचं दुखणं कुठून सुरू होतं ते कसं शोधायचं

मार्च संपत आला की दरवर्षी तेच. दुपारी दीडच्या सुमारास पॉलिहाऊसच्या दारात उभं राहावं तर चारही पंखे घरघरत असतात, पॅडवरून पाणी ओघळत असतं, पंपाचा आवाज बरोबर असतो, आणि आत पंख्यांच्या बाजूला थर्मामीटर ३९ दाखवतो. रंगीत ढोबळी मिरचीची पानं द्रोणासारखी वळलेली, गादीवाफ्यावर पांढऱ्या फुलांचा सडा. त्यात लाइट गेली की पोटात गोळाच येतो.

माझं पॉलिहाऊस लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात आहे. दहा गुंठे, २४ मीटर रुंद, ४२ मीटर लांब. एका बाजूला दीड मीटर उंचीचं, १०० मिलिमीटर जाडीचं कूलिंग पॅड (पन्हाळीदार कागदाचं, पाण्याने ओलं ठेवायचं; पंखे बाहेरची हवा त्यातूनच गार करून आत ओढतात), समोरच्या बाजूला ५० इंची चार पंखे, प्रत्येकी दीड एचपी. पहिले तीन उन्हाळे मी सगळेच करतात तेच केलं: तापतंय म्हणून आणखी एक पंखा घेतला. पाचवा पंखा लागला, बिल वाढलं, आणि आतलं तापमान जेमतेम एका अंशाने उतरलं. कारण नंतर कळलं. पॅड तेवढंच राहिलं आणि त्यातून ओढायची हवा वाढली, म्हणजे हवेला पॅडमध्ये थांबून गार व्हायला वेळच उरला नाही. मी पैसे घालून पॅडचं काम बिघडवलं होतं. ज्यांचं पॉलिहाऊस असंच तापतं त्यांनी नवीन पंख्याची चौकशी करण्याआधी खालची तपासणी एकदा करावी, एवढ्याचसाठी हे लिहितोय.

आधी आकडे, मग पाना

तीन साधे थर्मामीटर आणा. काचेचे असले तरी चालतील, पण तिन्ही एका बादलीत एकत्र बुडवून सारखंच दाखवतात का ते बघा. एक पॉलिहाऊसबाहेर सावलीत, एक आत पॅडपासून हातभर अंतरावर आणि एक पंख्यांसमोर, पिकाच्या शेंड्याच्या उंचीला. आतल्या दोन्हींवर ऊन पडू नये म्हणून वर पांढरी पट्टी किंवा उलटी वाटी बांधा. थर्मोस्टॅटचा सेन्सरही बघून घ्या. माझा दाराच्या खांबाला उन्हात लटकत होता. तो पिकाचं तापमान सांगतच नव्हता, लोखंडाचं सांगत होता.

आता चौथं मोजमाप. बाहेरच्या थर्मामीटरच्या टोकाला ओल्या सुती कापडाची चिंधी गुंडाळा आणि सावलीत पंख्याच्या वाऱ्यावर पाच मिनिटं धरा. पारा उतरून एका जागी थांबतो. पॅड कितीही चांगलं असलं तरी या आकड्याच्या खाली जाऊ शकत नाही. आपल्याकडे एप्रिलच्या कोरड्या दुपारी बाहेर ४१ असताना ओल्या चिंधीचा आकडा २३ च्या आसपास येतो. म्हणजे १८ अंशांची जागा आहे. चांगलं पॅड त्यातले साधारण ८० टक्के अंश उतरवतं: १८ पैकी १४. तेव्हा पॅडमागे २७ दिसायला हवेत.

माझ्याकडे ३३ होते. १८ पैकी फक्त ८. पॅड अर्ध्याहून कमी काम करत होतं, आणि मी चार वर्षं पंख्यांना दोष देत होतो.

यावरून दोन वाटा फुटतात. पॅडमागेच तापमान जास्त असेल तर दुखणं पाण्याच्या बाजूला आहे. पॅडमागे गार आहे पण पंख्यापर्यंत जाताना सात-आठ अंश वाढतात, तर दुखणं हवेचं किंवा उन्हाचं आहे. चार-पाच अंशांची वाढ मी चालवून घेतो. एवढ्या लांबीला ती होणारच. दोन्हीकडे गडबड असेल तर पाण्यापासून सुरुवात करा, कारण तेच सगळ्यात स्वस्तात दुरुस्त होतं.

पॅडमधलं मीठ

पॅड लांबून ओलं दिसतं. जवळ जा, पंप चालू असताना हात लावून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाला. माझ्या हाताला दर दोन-तीन फुटांवर कोरडा पट्टा लागला. वरच्या वाटप पाइपाची भोकं चुन्याने बुजली होती. पाइपाच्या टोकाची टोपी काढून पंप चालवला तर आधी पांढरट चिखल, मग शेवाळाचे लांब धागे, आणि बऱ्याच वेळाने स्वच्छ पाणी आलं. ही टोपी आता मी दर पंधरा दिवसांनी काढतो. भोकं सायकलच्या स्पोकने मोकळी करायची, मोठी करायची नाहीत. भोक मोठं झालं की पहिल्या काही फुटांतच सगळं पाणी पडतं आणि शेवटचं टोक कोरडं राहतं.

पाणी पुरेसं आहे का हे बादलीने कळतं. १०० मिलिमीटर जाडीच्या पॅडला लांबीच्या दर मीटरला मिनिटाला साधारण ६ लिटर पाणी लागतं. २४ मीटरला १४४ लिटर. म्हणजे वाटप पाइपाला जाणारं पाणी १५ लिटरच्या बादलीत सोडलं तर ती सहा-सात सेकंदांत भरायला पाहिजे. माझी भरायला बारा सेकंद लागत होते. पंप चांगला होता, सक्शनची जाळी चोंदली होती.

खरा घोळ मात्र मिठाचा. याचा हिशोब मी एकदा कागदावर मांडला आणि त्यानंतर पॅडकडे बघण्याची नजरच बदलली. चार पंखे तासाला साधारण दीड लाख घनमीटरहून जास्त हवा ओढतात. ती हवा १४ अंशांनी गार करायची तर तासाला हजार लिटरच्या आसपास पाण्याची वाफ व्हावी लागते. दुपारचे सहा तास धरले आणि कडक तास सोडून सरासरी काढली तरी दिवसाला पाच-साडेपाच हजार लिटर. वाफ होते ती नुसत्या पाण्याची, क्षार मागेच राहतात. माझ्या बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, ११०० आहे. लिटरमागे एक ग्रॅमहून थोडे जास्त. काळ्या पाषाणातलं खोल पाणी, आपल्याकडे त्यात नवल नाही. पाच हजार लिटरमागे पाच-सहा किलो क्षार. दररोज. तीन महिन्यांत पन्नास किलोच्या नऊ-दहा पोत्यांएवढा माल मी त्या पॅडमध्ये आणि टाकीत ओतत होतो, आणि वर म्हणत होतो की पॅडवाल्याने हलका माल दिला.

उपाय आहे, पण तो पाणी मागतो. टाकीतलं थोडं पाणी सतत काढून टाकावं लागतं, म्हणजे क्षार साचत नाहीत. खिशातला टीडीएस मीटर टाकीत बुडवा. बोअरच्या आकड्याच्या तिपटीवर गेला की पाणी बदलायची वेळ झाली. तिपटीवर धरून ठेवायचं तर वाफ होणाऱ्या पाण्याच्या निम्मं पाणी सोडून द्यावं लागतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणलेलं हे लातूर. इथे रोज अडीच हजार लिटर खारं पाणी नालीत सोडणं मनाला पटत नाही, आणि पिकालाही ते देता येत नाही.

म्हणून मी छताकडे वळलो. दहा गुंठ्यांचं छत, वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरला तर सात लाख लिटर पाणी त्यावर पडतं. गळती, उडालेलं, पहिल्या पावसाचं धुवण सोडून सहा लाख लिटर हाती येतं. पॅडची गरज: रोजचे साडेपाच ते सहा हजार गुणिले ९० दिवस. पाच लाखांच्या वर. आकडे इतके जुळले की मी हिशोब दोनदा तपासला. आमच्या गटरचं पाणी आजवर पायाजवळ पडून खांबांचं काँक्रीट उघडं पाडत होतं. तेच पाइपाने अस्तराच्या शेततळ्यात घेतलं. पावसाच्या पाण्यात क्षार नावालाच असतात, त्यामुळे टाकीतलं पाणी सोडून देण्याची गरज जवळपास संपते. शेततळ्यातून उन्हाळ्यात वाफ होऊन बरंच पाणी जातं, त्यावर जुनी शेडनेट तारांवर ताणून टाकली आहे. तरीही मे महिन्याच्या मध्यावर शेततळं तळाला लागतं आणि शेवटचे पंधरा-वीस दिवस बोअरचं पाणी मिसळावं लागतं. तेवढं चालतं.

आधीच चुना धरलेल्या पॅडचं काय? वरवरचा थर असेल तर पॅड कोरडं करून मऊ ब्रशने वरून खाली हलक्या हाताने झाडा. पन्हाळी आतपर्यंत बुजल्या असतील तर पॅड बदला. तीव्र ॲसिड ओतू नका. पॅड कागदाचंच असतं. क्षारांबरोबर तेही विरघळतं आणि मग एका वाऱ्यात खाली बसतं. शेवाळासाठी दोनच गोष्टी: टाकीवर झाकण, आणि संध्याकाळी पंप बंद केल्यावर पंखे अर्धा तास चालू ठेवून पॅड पूर्ण वाळवणं.

उदबत्ती

पॅड दुरुस्त झालं, पॅडमागे २८ आले. पण पंख्यांजवळ अजून ३७. नऊ अंशांची वाढ. तेव्हा लातूरहून एका जुन्या फिटरमामांना बोलावलं. त्यांनी पाना-पक्कड काढलीच नाही. म्हणाले, “दादा, घरात उदबत्ती हाय का?”

पंखे चालू ठेवले. मामांनी पेटलेली उदबत्ती दाराच्या फटीजवळ धरली. धूर वर जायचा सोडून आडवा झाला आणि सरळ आत ओढला गेला, कुणी तोंडाने शोषून घ्यावा तसा. मग पॅडच्या चौकटीचा वरचा कोपरा. तिथेही तेच. एप्रन, म्हणजे कडेचा प्लास्टिकचा खालचा पट्टा, जमिनीत दाबलेला असतो, त्याची एक बाजू उंदरांनी पोखरली होती. तिथे तर उदबत्तीच विझली. शेवटी पॅडच्या बाहेरच्या अंगाला धरली, तिथे धूर जरासा कलला आणि वर गेला.

“बघा आता. हवा पॅडातून यायची ती दारातून यायलीय. रानातली झळ पैसे देऊन आत घ्यायलाव तुम्ही.”

पंख्याला काय, सोपी वाट मिळेल तिथून तो हवा घेतो. पॅडमधून यायला हवेला जोर लागतो, फटीतून लागत नाही. आम्ही त्या दिवशी एकवीस जागा शोधल्या. दाराला दुहेरी पडदा, चौकटीला फोमची पट्टी, पॉलिहाऊसच्या प्लास्टिक कागदाला पॉली-टेप, एप्रनवर माती दाबून पाणी मारलं. खर्च दीड हजाराच्या आत. दुसऱ्या दिवशी वाढ नवावरून सहावर आली. पाचव्या पंख्याला मी याच्या कितीतरी पट पैसे घातले होते. ही तपासणी वर्षातून दोनदा करा, आणि वळवाचं वादळ होऊन गेलं की हमखास करा. कागद कुठे ताणला गेला ते डोळ्यांना दिसत नाही, धुराला दिसतं.

पंखा फिरतो पण ओढत नाही

इथे फार वेळ घालवायला नको. पट्टा मध्यभागी अंगठ्याने दाबा. अर्ध्या इंचाहून जास्त खाली गेला तर ढिला आहे. पुलीची खाच आतून आरशासारखी चकाकत असेल तर पट्टा घसरतोय. पात्यांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसा. शटरच्या पट्ट्या पूर्ण आडव्या उघडतात का बघा. माझ्या दोन पंख्यांचे शटर निम्मेच उघडत होते, बिजागरीत धूळ आणि कोळिष्टकं. बाजूच्या कीडरोधक जाळीवरची धूळही पाण्याच्या फवाऱ्याने धुवून काढा.

व्होल्टेज मात्र नीट बघा. मीटर पंखे बंद असताना लावून उपयोग नाही. चारही पंखे आणि पंप चालू असताना, मोटारीच्या टर्मिनलवर, तिन्ही फेजमध्ये लावा. ४१५ च्या जागी ३६० मिळत असतील तर मोटारीचा जोर पाऊण पट होतो, कारण जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. मोटार करंट जास्त घेते, तापते आणि एखाद्या मेमध्ये जळते. डीपी (ट्रान्सफॉर्मर) लांब असेल तर आपल्या हातात केबल असते. माझी दोनशे मीटर ४ चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियमची होती. तीत २०-२२ व्होल्ट वाटेतच जात होते. १० चौरस मिलिमीटरची टाकली, आता नऊच्या आसपास जातात.

तीन फेजांतला फरकही बघा. एक फेज बाकीच्या दोघांपेक्षा १५-२० व्होल्टने कमी असेल तर मोटार भरवशाची नाही. सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटार बंद करणारं उपकरण) नसेल तर आजच बसवा. एक फेज गेली की चालू मोटार दोन फेजांवर गुणगुणत राहते आणि वेढे करपतात. ओव्हरलोड रिले, म्हणजे करंट जास्त झाला की मोटार बंद करणारा, मोटारीच्या नावपट्टीवरच्या अँपिअरला लावा. पंखे ट्रिप होतात म्हणून रिले वाढवून ठेवलेले स्टार्टर मी निम्म्या पॉलिहाऊसमध्ये बघतो. ट्रिप होण्यामागचं कारण शोधायचं सोडून इशारा देणाऱ्याचंच तोंड बंद केल्यासारखं आहे ते.

लाइट आली की ऑटो स्टार्टरमुळे सगळे पंखे एकदम उठतात. सुरू होताना मोटार पाच-सहा पट करंट ओढते, व्होल्टेज झोपतं आणि कुणीच नीट उठत नाही. प्रत्येक पंख्याला दहा-पंधरा सेकंदांच्या फरकाचा टायमर लावा.

वीज वाचवायची असेल तर पंख्यांना पायऱ्या द्या. २७ ला दोन पंखे, ३० ला चार, पॅडचा पंप सगळ्यात शेवटी. सकाळी दहापर्यंत नुसते दोन पंखे पुरतात. जुलै-ऑगस्टच्या दमट दिवसांत ओल्या चिंधीचा आकडा बाहेरच्या तापमानाच्या जवळ असतो, तेव्हा पंप चालवणं म्हणजे नुसतं बुरशीला आमंत्रण. आणि बिलावरची वर्गवारी एकदा वाचा. राज्याच्या वीजदरात हरितगृह ‘कृषी – इतर’ मध्ये बसतं. दुसऱ्याच वर्गात बिल येत असेल तर अर्ज करा.

उरलेली वाढ उन्हाची असते

एप्रिलच्या मध्यान्ही चौरस मीटरला ९०० वॅटच्या वर ऊन पडतं. दहा गुंठ्यांवर ९०० किलोवॅट. चार पंख्यांच्या मोटारी मिळून साडेचार किलोवॅटच्या. हे दोन आकडे शेजारी ठेवले की कळतं, विजेने आपण ऊन हटवू शकत नाही. ते आत येण्याआधीच अडवावं लागतं.

माझ्याकडे आत काळी ५० टक्के शेडनेट होती. सावली पडायची, पण काळं कापड ऊन पिऊन स्वतः तापायचं आणि ती उष्णता आतच सोडायचं. आता पांढरी परावर्तक नेट आहे, सकाळी साडेदहाला ओढायची, चारला काढायची. नेट दिवसभर ओढून ठेवू नका. ढोबळी उजेडावर वाढते, अंधारात फांद्या लांबतात आणि फळ लहान राहतं. ज्यांना नेट परवडत नाही त्यांनी छतावर शेडिंगची पांढरी पावडर फवारावी. पावसाने ती धुऊन जाते आणि पुढे थंडीत उजेड कमी पडत नाही. नेट बदलल्यावर सहाची वाढ साडेचारवर आली.

आणि एक कूलर असा आहे ज्याचं बिल येत नाही. पीक. एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण दोन-तृतीयांश युनिट विजेएवढी उष्णता शोषली जाते. भरात आलेलं पीक दहा गुंठ्यांत दिवसाला तीन-चार हजार लिटर पाणी पानांतून सोडतं. म्हणून दुपारी मुळाशी पाणी कमी पडलं, ड्रिपरची दोन-तीन तोंडं बुजली, की तेवढ्या ओळी आधी तापतात. आम्ही उन्हाळ्यात ड्रिप एका वेळी न देता सहा-सात छोट्या पाळ्यांत देतो, शेवटची मोठी पाळी चारच्या आत.

हे सगळं करूनही माझं प्रामाणिक मत असं की मराठवाड्यात ज्यांना पाणी नाही त्यांनी एप्रिल-मेमध्ये ढोबळी धरूच नये. लागवड अशी बसवा की मार्चअखेर तोडणी आटोपेल. मग वाफे भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक अंथरा, पॉलिहाऊस बंद करा आणि जी उष्णता आपला जीव घेते तिला चार ते सहा आठवडे मातीतली बुरशी आणि सूत्रकृमी मारायला लावा. पंखे बंद, पंप बंद. मी एक वर्षाआड असं करतो. पुढच्या पिकात मर रोग कमी दिसतो.

लाइट गेली की

सगळ्यात मोठं नुकसान माझं इथे झालं होतं. दुसऱ्या उन्हाळ्यात डीपी जळाली आणि तीन दिवस बदलून मिळाली नाही. बंद पॉलिहाऊसमधली हवा फार थोडी असते, तापायला वेळ लागत नाही. पंखे थांबल्यावर दहा मिनिटांत आत ४५ झाले. मी तेव्हा गावात होतो. पोचेपर्यंत शेंडे काळे पडले होते.

माझ्या पॉलिहाऊसची रचनाच पंख्यांच्या भरवशावर केलेली होती. बाजू कायमच्या बंद, वर झरोका नाही. वीज आहे तोवर ठीक. शेतीच्या फीडरवर तीन फेज कधी दिवसा तर कधी रात्री, त्यात वादळ-वारा. असं घर आपल्याकडे बांधणाऱ्याने दुपारी एकला लाइट गेल्यावर काय, हा प्रश्न आधी विचारायला हवा होता. मीही विचारला नाही. नवीन बांधत असाल तर वरचा झरोका आणि दोन्ही बाजूंना हाताच्या गिअरने गुंडाळता येणारे पडदे घ्याच, आत कायमची कीडरोधक जाळी ठेवून. जुन्याला बाजूचे पडदे नंतर बसवता येतात. मी बसवले.

आता लाइट गेली की क्रम ठरलेला आहे, आणि तो घरात सगळ्यांना पाठ आहे. आधी शेडनेट ओढायची. मग वाऱ्याच्या बाजूचा पडदा, मग समोरचा, मग दार. मग ड्रिपचा वॉल्व्ह. हा क्रम माझ्या आईने ठरवला, कारण लाइट जाते तेव्हा बहुतेक वेळा रानात तीच असते आणि शेडनेटची दोरी दारापासून सगळ्यात जवळ आहे. ड्रिपसाठी पाच हजार लिटरची टाकी तीन मीटर उंचीच्या ओट्यावर आहे. कमी दाबावर सगळे वॉल्व्ह एकदम नीट चालत नाहीत, म्हणून दोन-दोन ओळी सोडायच्या. पाणी मुळाशी असलं की पान स्वतःला वाचवतं, तासभर तरी.

मोबाइल स्टार्टर फेज गेल्याचा फोन करतो, पण दुपारी फोन उशाशी असतोच असं नाही. बॅटरीवरचा भोंगा दारावर लावला आहे.

जनरेटर घेणार असाल तर सगळ्या पंख्यांच्या हिशोबाने मोठा घेऊ नका. शेडनेट ओढलेली असेल तर दोन पंखे आणि पॅडचा पंप पीक तगवतात. तेवढ्याला साडेतीन किलोवॅटच्या आसपास लागतं, डिझेल तासाला दीड लिटरच्या आत-बाहेर. मात्र मोटारी एकामागून एक चालू करा. महिन्यातून एकदा दहा मिनिटं भारावर चालवून बघा. उभ्या जनरेटरची बॅटरी नेमकी त्याच दिवशी उतरलेली सापडते.

सोलरबद्दल एक गैरसमज फार आहे. पॅनेलं बसवली म्हणजे लाइट गेल्यावरही पंखे चालतील असं लोक धरून चालतात. ऑन-ग्रिड इन्व्हर्टर लाइट गेली की स्वतःहून बंद होतो. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला त्या विजेचा झटका बसू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. कडक उन्हात पॅनेलं तळपत असतात आणि पंखे थांबलेले. लाइट गेल्यावर चालायला हवं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरीच लागते. घेण्याआधी विक्रेत्याला मेन स्विच पाडून दाखवायला सांगा, आणि मोटार तेव्हा सुरू होते का ते स्वतः बघा. एरवी पंख्यांना सोलर शोभतं, कारण ऊन असतं तेव्हाच त्यांची गरज असते.

गेल्या मेमध्ये पुन्हा डीपी गेली, सव्वाबाराला. भोंगा वाजला तेव्हा मी औशाला खत आणायला गेलो होतो. आईने दोरी ओढली, उत्तरेचा पडदा गुंडाळला, दार उघडलं आणि वॉल्व्ह सोडला. दक्षिणेचा पडदा तिला एकटीला फिरेना. मी पोचलो तेव्हा पाऊण तास झाला होता, पिकात ३८ होते, पानं मलूल पण हिरवी. पंप आणि दोन पंखे जनरेटरवर घेतले, तीनपर्यंत ३३ वर आलं. दक्षिणेकडच्या सात-आठ ओळींत फुलं गळाली, बाकी झाडं सावरली. त्या बाजूचा गिअर बदलून आता लांब दांड्याचा बसवला आहे, आणि तो आईच्या हाताने दोनदा फिरवून बघितला आहे.